घरातला खर्ज

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात एक काळी चौकोनी पेटी आली. खरे म्हणजे फ्रिज बदलायचा बेत होता. त्या पैशांत ती आली. तिचे नाव सबवूफर. मी पडले मराठीची प्राध्यापिका, तेव्हा वस्तूआधी शब्दाकडे लक्ष जायचे हे ओघानेच आले. बारीक, उंच आवाज काढणाऱ्या स्पीकरला इंग्रजीत पाखरांच्या चिवचिवाटावरून ‘ट्वीटर’ म्हणतात आणि ढाल्या आवाजाच्या स्पीकरला कुत्र्याच्या भुंकण्यावरून ‘वूफर’. सबवूफर म्हणजे त्याच्याही खालचा. आमच्या स्टाफरूममध्ये याला मराठी प्रतिशब्द काढायची चढाओढ लागली आणि ‘उपभुंक्या’ या शब्दाला सर्वांत जास्त मते पडली! घरात मात्र तिला ‘खर्जाची पेटी’ हेच नाव पडले. ते ठेवले माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी.

पेटी आली तीही त्यांच्यामुळेच. अण्णांना ८२वे वर्ष चालू आहे. नोकरी पोस्टात केली, पण जीव तबल्यात. भजनाला, नाट्यगीतांच्या बैठकीला, हौशी गवयांच्या साथीला त्यांना हक्काने बोलावणे येई. तरुणपणी मुंबईत अहमदजान थिरकवाँसाहेबांना त्यांनी समोर बसून ऐकले. ती शिदोरी त्यांना आजही पुरते आहे. बोटे आखडल्यापासून संध्याकाळी स्टीरिओसमोर बसणे एवढाच छंद उरला होता. चार वर्षांपूर्वी आम्ही जुनी, कपाटाएवढी खोकी मोडीत काढली आणि पुस्तकांच्या फडताळात मावतील असे दोन सुबक स्पीकर आणले. दुसऱ्याच दिवशी अण्णा म्हणाले, “अगं, डग्गा कुठे गेला? नुसतं टकटक वाजतंय.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वय झाले, दुसरे काय! कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आलेख काढून दिला. वयोमानाप्रमाणे वरचे स्वर उतरले होते. झाले, आमचा निकाल लागला. पुढे अण्णांनी डग्ग्याचे नाव काढले की कुणीतरी हळूच तो आलेख आठवून देई. काही दिवसांनी त्यांनी म्हणायचे सोडले. मग हळूहळू स्टीरिओसमोर बसायचेही सोडले. संध्याकाळी बाल्कनीत नुसतेच बसून राहत. घरातल्या माणसाचे एवढे मोठे मौन आमच्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

ध्यानात आले तेही योगायोगाने. चिरंजीवांना शाळेत ध्वनीवर प्रयोग करायचा होता. मोबाईलमधून हवा तो शुद्ध स्वर काढता येतो. तो त्याने स्टीरिओला जोडला आणि सेकंदाला २०० कंपनांपासून खाली उतरू लागला. १५०, १२०, १०० – ठीक. ८० च्या खाली आवाज ओसरू लागला, आणि ६० ला तो मला मुळीच ऐकू येईना. निरोगी माणसाचा कान २० पर्यंत खाली उतरतो असे पुस्तकात दिलेले, आणि माझे कान तर चाळिशीतले! बाल्कनीतून अण्णा म्हणाले, “गेला का? मघाशीच गेला.” मी कपाटातून तो आलेख काढला. उजवीकडे, वरच्या स्वरांच्या बाजूला, रेघ उतरली होती खरी. पण डावीकडे, खालच्या स्वरांच्या बाजूला, ती अगदी ताठ होती. आम्ही पडलेली बाजूच तेवढी वाचली होती. अण्णांचा कान खोटा नव्हता, आमची सुबक खोकी खोटी होती.

मग वाटले, इतकी वर्षे मला कसे कळले नाही? त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा मधला षड्ज साधारण १३९ कंपनांचा, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. लहान स्पीकरला हा ६९ पेलत नाही, पण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे स्वयंभू स्वर त्या तारेतून निघतात, ते तो वाजवतो. तेवढ्या पुराव्यावरून आपला मेंदू खालचा नसलेला स्वर पदरचा घालतो. म्हणजे मी जो खर्ज ऐकत होते तो बराचसा माझ्याच डोक्यात वाजत होता. पण खर्जाला जे वजन असते, ते काही असे पदरचे घालता येत नाही. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेल्या घुमाऱ्याची तीच गत. जन्मभर तो घुमारा हातातून काढलेल्या माणसाला फसवणार कोण?

दुकानात निराळाच अनुभव. तिथल्या तरुणाने एक धडधडणारे गाणे लावले. जमीन हादरली. तो अभिमानाने म्हणाला, “मॅडम, छातीत वाजलं पाहिजे!” मी विलंबित एकताल मागितला, तर त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. शेवटी दहा इंची स्पीकरची, सर्व बाजूंनी बंद अशी पेटी घेतली. भोकाची पेटी आवाज मोठा देते, पण बंद पेटीतला आवाज ठोका संपला की चटकन थांबतो असे वाचले होते. अ‍ॅम्प्लिफायर तिच्या पोटातच असतो.

पहिली संध्याकाळ भयंकर गेली. जागा होती म्हणून पेटी कोपऱ्यात ठेवली. तबला सुरू झाला आणि मांडणीतली भांडी साथ करू लागली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. “अगं, लग्न आहे का कुणाचं?” अण्णा म्हणाले, “हा डग्गा नव्हे, हे विसर्जन आहे.” आणि आमचे हे म्हणाले, “परत करून टाक.”

दोष पेटीचा नव्हता, खोलीचा होता. ४० कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. आमची बैठकीची खोली १४ फुटांची. अर्धी लाट तीत बरोबर बसते, भिंतींवर आपटून परतते आणि भिंतीपाशी स्वर फुगतो, मधोमध लोपतो. कोपरा म्हणजे तर दोन भिंती आणि जमीन यांचा संगनमताचा अड्डा! यावर जाणत्यांचा एक उपाय आहे. पेटी ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायची, आणि आपण खोलीभर रांगत जिथे खर्ज सारखा, सुटा ऐकू येईल ती जागा शोधायची. पेटी अण्णांच्या कोचावर विराजमान झाली आणि तिसऱ्या वर्षाचे भाषाशास्त्र शिकवणारी मी चार पायांवर भिंतीकडेने फिरू लागले. नेमक्या त्याच वेळी दूधवाला दारात यावा, हे ठरलेलेच. जागा सापडली ती बाजूच्या भिंतीशी, कोपऱ्यापासून पाचएक फुटांवर.

नंतरचे काम अण्णांनी हाती घेतले. पेटीने कुठल्या कंपनापासून खाली वाजवायचे, याची एक चावी असते. ती १२० वर होती, तेव्हा गवयाला सर्दी झाल्यासारखे वाटे. ८० वर आणली तेव्हा गळा मोकळा झाला. एक खटका असतो, तो एका बाजूला टाकला की पेटी आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खातात, दुसऱ्या बाजूला टाकला की एकत्र चालतात. उरली आवाजाची चावी. तबला सुरात लावताना एकेक घर ठोकून पाहावे, तशी अण्णांनी ती केसभर फिरवली, थांबले, परत फिरवली. मला बरे वाटत होते त्याच्या बऱ्याच खाली येऊन ते थांबले. मी म्हटले, “अण्णा, पेटी वाजतेय हे कळतच नाही.” “मग लागली,” ते म्हणाले. मी तिचे बटण बंद करून पाहिले. खोलीतून कुणीतरी उठून गेल्यासारखे झाले.

कोणत्याही मुद्रणाला ही पेटी उपयोगी पडते असे मात्र नाही. १९२५ साली मायक्रोफोनने विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी गवई कर्ण्यात गात, आणि खर्ज तबकडीपर्यंत पोचतच नसे. अण्णांच्या संग्रहातली तसली गाणी लागली की पेटी स्वस्थ बसून असते. उलट आवाज लहान ठेवून ऐकताना तिचा खरा उपयोग. आवाज कमी केला की कानाला आधी खालचे स्वर दिसेनासे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे.

काकूंशी तह झाला आहे. पेटीखाली जाड रबर आणि त्यावर कडाप्पा घातला, तरी खर्ज स्लॅबमधून थोडा उतरतोच. त्यांच्या नातीची बारावी, म्हणून साडेनऊला पेटी बंद. बटण अण्णा स्वतः बंद करतात, आणि “आता टकटक ऐका” असे म्हणून झोपायला जातात. तोवर मात्र बाल्कनीतली खुर्ची रिकामी असते.

फ्रिज अजून जुनाच आहे. तो रात्री घूं करतो, पण त्याबद्दल अण्णांची तक्रार नाही. तो पांढरी पाचच्या किंचित वर लागलेला आहे, एवढेच त्यांचे म्हणणे.