संकट आणि शेजार : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या प्राधिकरणाचा विचार केला; परंतु जिल्ह्याच्या कचेरीत इत्तला पोहोचून तेथून मदत निघेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात माणसे वाचतात ती शेजाऱ्यांच्या हातांनीच, आणि ते हात आधीपासून संघटित असतील तरच पुरे पडतात.

शेजार असा संघटित होऊ शकतो, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती निद्रिस्त कुटुंबांवर कोसळून हजारो जीव गेले. त्यानंतर घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांचे काम निघाले, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रयत्नाने लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अनुदानाचा हप्ता कोणाचा अडला, कोपऱ्यांतील सांधे पक्के झाले की नाही, याची चौकशी त्या घरोघर करीत. ज्या स्त्रियांना चावडीची पायरी चढण्याचाही संकोच वाटे, त्यांच्यापैकी काही २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत जाऊन तेथील भगिनींना आपला अनुभव सांगून आल्या. त्या साऱ्या पुनर्वसनातील सर्वांत टिकाऊ काम हेच, असे माझे मत आहे.

आपल्या परळी तालुक्यातील संकटांची प्रकृती मात्र निराळी आहे. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी वैद्यनाथाच्या दगडी पायऱ्यांवर लोटणारा यात्रेकरूंचा समुदाय. आणि पाण्याचे दुर्भिक्ष तर असे की, गोदावरीवरील खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी न उरल्याने २०१३ साली येथील औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. पण सर्वांत दुर्लक्षित राहते ती गोष्ट म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास तालुक्यातील गावांतून व तांड्यांवरून जोडप्यांचे कोयते मुकादमांबरोबर कारखान्यांकडे निघतात आणि पुढील कित्येक महिने अनेक घरांत म्हातारेकोतारे व लेकरेच मागे राहतात. संकटात धावून येतील अशा धडधाकट माणसांची यादी पावसाळ्यात केली, तर ती त्या दिवसांत निरुपयोगी ठरते. म्हणून ती वर्षातून दोनदा, कोयते निघाल्यावर आणि परतल्यावर, नव्याने करणे अगत्याचे आहे.

बचतगट, भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ, तालीम यांपैकी काही ना काही प्रत्येक वस्तीत असतेच. तेव्हा या कामासाठी नवी समिती काढण्याची गरज नाही. त्या यादीबरोबरच अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरत आलेली गर्भवती कोठे, कोणाच्या आडाला उन्हाळ्यातही पाणी टिकते, ट्रॅक्टर, दोर, शिडी व बॅटरी कोणाकडे, रात्री दार ठोठावल्यास कोणती परिचारिका उठून येईल, एवढा मजकूर वहीच्या चार पानांत मावतो.

वाचकहो, येत्या पंधरवड्यात आपापल्या गल्लीत ही वही सिद्ध करावी, तिची एक प्रत तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी, आणि दुसरी अशा घरी ठेवावी की जेथे रात्रीअपरात्री कोणीतरी हमखास असते.