कागदावरील रेषांतून वस्तू पाहण्याची दृष्टी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी गणितात हुशार असूनही आलेखनाच्या विषयात पुष्कळदा अडखळतो. कागदावर एखाद्या वस्तूची समोरून, वरून व बाजूने दिसणारी सपाट दृश्ये काढलेली असतात. त्यांवरून ती सबंध वस्तू त्याने मनात उभी करावयाची असते. या शक्तीस अवकाशीय कल्पनाशक्ती असे म्हणतात. पुलाचा नकाशा वाचणे असो वा पंपाचा सुटा भाग घडविणे असो, तिच्यावाचून चालत नाही.

ही शक्ती उपजतच असावी लागते, असा समज सर्वत्र आढळतो. ज्या मुलामुलींना लहानपणी ठोकळे, यंत्रांची खेळणी वा रेखाकलेचे शिक्षण मिळालेले नसते, त्यांचे या समजामुळे मोठे नुकसान होते. वस्तुतः त्यांच्यात बुद्धीची उणीव नसून सरावाची उणीव असते.

वेधशाळेचा धडा

उज्जैन येथे १९६६ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. त्याच नगरीत क्षिप्रेच्या काठी जयपूरचे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली वेधशाळा आहे. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. येथील यंत्रे कालमापनासाठी बांधलेली असली, तरी आलेखनाच्या विद्यार्थ्यासही ती उत्तम धडा देतात.

सम्राट यंत्राचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या पायऱ्या व दोन्ही बाजूंचे वर्तुळखंड क्षणभर सोडून केवळ मधली भिंत पाहावी. पश्चिमेकडून ती त्रिकोणी दिसते. दक्षिणेकडून पाहिल्यास तो अरुंद, उभा आयत भासतो आणि वरून पाहिल्यास लांबट, अरुंद आयत. भिंतीची वरची कड उज्जैनच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २३ अंशांनी कललेली असून ध्रुवाकडे रोखलेली आहे. हा कल केवळ बाजूच्या दृश्यात खरा दिसतो. अशा कललेल्या कडेची १० मीटर लांबी वरच्या दृश्यात सुमारे ९.२ मीटरच भरते. एकाच दृश्यावर विसंबू नये, हा नियम येथे डोळ्यांनीच पटतो.

नाडीवलय यंत्राच्या तबकड्या पृथ्वीच्या विषुववृत्ताला समांतर आहेत. म्हणून मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत उत्तरेकडील तबकडीवर ऊन पडते व उरलेले सहा महिने दक्षिणेकडील तबकडीवर. असे का होते, हे उमगण्यासाठी पृथ्वी, तिचा अक्ष व सूर्य यांची मांडणी मनात फिरवून पाहावी लागते. हाच तो सराव होय.

सरावाचे फळ

अमेरिकेतील मिशिगन तंत्रविद्या विद्यापीठात १९९३ पासून शेरिल सॉर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर काम केले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन, मागे पडणाऱ्यांसाठी हाताने रेखाटन व वस्तू फिरवून पाहणे यांवर आधारलेला छोटा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्यांची ही शक्ती लक्षणीय वाढली. चाचणीत मुली अधिक प्रमाणात मागे पडत. या शिक्षणानंतर अभ्यास न सोडता अभियांत्रिकीत टिकून राहण्यास त्यांना विशेष साहाय्य झाले.

शिक्षकांनी काय करावे

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. साबणाची वडी, बटाटा वा ओली माती पुरेशी आहे. मुळा सरळ कापला तर काप गोल निघतो, तिरपा कापला तर लंबवर्तुळाकार. हे आधी ओळखावयास सांगून मग कापून दाखवावे. काड्यापेटी तीन बाजूंनी पाहून तिची दृश्ये काढावयास लावावीत. आपल्याकडील प्रचलित पद्धतीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात. त्याचे कारण वस्तू हातात धरून समजावून द्यावे. त्यानंतर उलट सराव घ्यावा, म्हणजे दृश्ये देऊन मातीतून वस्तू करवून घ्यावी. संगणकावरील चित्रे उपयुक्त असली, तरी प्रारंभ हाताने व्हावा.

गावचा सुतार चौकटीची खाच लाकडावर आखण्यापूर्वी मनात पाहतो. ही दृष्टी त्यास कामातूनच लाभलेली असते. तेव्हा पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या विद्यार्थ्यास नापास ठरविण्यापूर्वी त्याच्या हातात वस्तू, पेन्सिल व पुरेसा वेळ देणे, हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.