दहा हजार नोंदी, तीस ढीग: टॉपिक मॉडेलिंग म्हणजे काय रे भाऊ?

आजचा विषय टॉपिक मॉडेलिंग. मजकुराचा डोंगर आहे, सगळा वाचायला वेळ नाही, तर त्यात कशाकशाबद्दल लिहिलंय ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायची ही पद्धत. झाली व्याख्या. आता गोष्ट ऐका.

अमेरिकेत मेन राज्यात केनेबेक नदीकाठी मार्था बॅलार्ड नावाची सुईण राहायची. १७८५ ते १८१२, सलग २७ वर्षं तिने डायरी लिहिली. जवळपास १०,००० नोंदी! आज थंडी होती, अमक्याकडे बाळंतपण झालं, बागेत घेवडा लावला, कोण येऊन गेलं. रोज तेच ते. काही जुन्या अभ्यासकांनी ती रटाळ म्हणून बाजूला सारली होती. मग लॉरेल थॅचर अल्रिक या इतिहासकार बाईंनी ती वर्षानुवर्षं बारकाईने वाचली आणि त्यावर लिहिलेल्या पुस्तकाला १९९१ चं पुलित्झर मिळालं.

२०१० मध्ये कॅमेरॉन ब्लेव्हिन्स या इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीच डायरी मॅलेट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरला दिली आणि सांगितलं, यातून ३० विषय काढ. कुठले विषय, हे सांगितलं नाही. इथेच खरी गंमत आहे. ईमेलमधलं स्पॅम ओळखायला आपण मशीनला आधी नमुने दाखवतो, ‘हे स्पॅम, हे नाही’ असं शिकवतो. इथे तसं काहीच नाही. खोकी आधी ठरलेली नाहीत.

मग मशीन करतं काय? आधी प्रत्येक शब्दावर डोळे मिटून एक रंग मारतं. ३० विषय, ३० रंग. सगळं रंगीबेरंगी, निरर्थक. मग एकेक शब्द उचलून दोन प्रश्न विचारतं. या नोंदीत कुठला रंग जास्त आहे? आणि हाच शब्द बाकीच्या नोंदींत कुठल्या रंगात जास्त दिसतो? त्या हिशोबाने शब्दाचा रंग पुन्हा ठरवतं. मग पुढचा शब्द. अशा शेकडो फेऱ्या. हळूहळू एकत्र वावरणारे शब्द एकाच रंगाचे होतात. या पद्धतीचं नाव एलडीए. ब्लाय, एन्जी आणि जॉर्डन यांचा त्यावरचा गाजलेला पेपर २००३ चा.

यात एक शब्द एकाच ढिगात अडकत नाही, हे मला फार आवडतं. आपला ‘भाव’च घ्या ना. ‘कांदा’, ‘लिलाव’ यांच्याजवळ आला तर बाजाराचा, ‘कीर्तन’, ‘अभंग’ यांच्याजवळ आला तर भक्तीचा. अर्थ मशीनला कळत नाही, शेजार कळतो.

म्हणूनच मार्थाबाईंचं स्पेलिंगही आड आलं नाही. ‘गार्डन’ त्या ‘गार्डिन’ असं लिहायच्या, ‘डिलिव्हर्ड’चं नुसतं ‘डेल्ड’. डिक्शनरी गोंधळली असती. मॅलेटने ‘गार्डिन’ मका आणि घेवड्याशेजारी ठेवलं, ‘डेल्ड’ बाळंतपणाच्या शब्दांत.

पण हे ढीग खरे कशावरून? ब्लेव्हिन्सने छान तपासणी केली. थंडी, वारा, बर्फ असा एक ढीग निघाला होता. तो वर्षातल्या कुठल्या महिन्यांत जास्त दिसतो ते त्याने मोजलं. हिवाळ्यात चढतो, उन्हाळ्यात उतरतो! मशीनला कॅलेंडर माहीतच नव्हतं. आपल्याला आधीपासून पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीशी ढीग असा ताडून पाहायचा. हे न करता रंगीत ग्राफ दाखवणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता अवघड जागा. आणखी एका ढिगात शब्द आले ते साधारण असे: वाटणं, नवरा, आजारी, अशक्त, थकलेली, देव. ब्लेव्हिन्सने त्याला नाव दिलं ‘भावना’. हा ढीग मार्थाबाईंच्या उतारवयात वाढत जातो. म्हणजे म्हातारपणी त्या मन जास्त मोकळं करू लागल्या? की नुसत्या थकत चालल्या होत्या? मी याच ढिगाला ‘थकवा’ म्हटलं असतं, आणि त्याच ग्राफची गोष्ट बदलली असती. मशीन फक्त शब्दांची यादी देतं, वरची चिठ्ठी माणूस चिकटवतो. तेव्हा कुणी असा ग्राफ पुढे केला की आधी चिठ्ठीखालचे शब्द मागा.

आणि एक. १८०६ मध्ये मार्थाबाईंच्या शेजारच्या घरात एका बापाने बायको आणि बहुतेक सगळी मुलं मारून टाकली. डायरीत ते आहे. पण एकदाच घडलेल्या गोष्टीला स्वतःचा ढीग मिळत नाही. तिथे ती नोंद उघडून वाचावीच लागते. ही पद्धत पोसली जाते ती रोजच्या ‘तेच ते’ वर.

स्वतः करून बघणार असाल तर मराठीसाठी दोन गोष्टी. ‘आहे’, ‘आणि’, ‘पण’ असे शब्द आधी गाळा, नाहीतर प्रत्येक ढिगात तेच बसतील. दुसरं म्हणजे, ‘पाऊस’, ‘पावसात’, ‘पावसामुळे’ हे मशीनला तीन वेगळे शब्द वाटतात, म्हणून जमेल तितके प्रत्यय काढून मूळ शब्दावर आणा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं चॅट टाकणार असाल तर एकेक मेसेज नको, ‘हो’ आणि ‘ओके’ला शेजारच नसतो. दिवसभराचं चॅट मिळून एक नोंद करा. विषय आधी १० मागा, मग २०, आणि ढीग कुठे फुटतात ते बघा.