रस्ता सामाईक, गाड्या खासगी

‘सरकारने नियम केले की नवे काही उभे राहत नाही’ हे वाक्य उद्योगजगतात इतक्या वेळा ऐकू येते, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ‘मोकळे सोडले की सामान्य माणूस लुबाडला जातो’ हे त्याचे प्रतिवाक्यही तितकेच रुळलेले. दोन्ही वाक्ये तपासायला भाजीच्या हातगाडीवर लटकणारा क्यूआर कोडचा चौकोन पुरेसा आहे. त्याच्या मागे नियम आणि नवनिर्मिती यांची दीड दशकाहून अधिक काळची ओढाताण आहे.

तिची सुरुवात यूपीआयच्या बरीच आधी झाली. कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली. कार्डावर छापलेले आकडे पुरेसे नाहीत, कार्डधारकालाच ठाऊक असलेला पासवर्ड किंवा त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही हवा, असा तो नियम. या जादा पायरीवर गिऱ्हाईक गळते अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. उबरसारखी कंपनी भारतातल्या प्रवासाचे पैसे परदेशी बँकेमार्फत वसूल करून ही पायरी टाळते, हे २०१४मध्ये पुढे आले. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत देऊन ती पळवाट बुजवली. नोव्हेंबरमध्ये उबरने पेटीएमच्या वॉलेटची सोय केली. धंदा बुडाला नाही, त्याने वळण घेतले. पुढे नियमही सैल झाला. यंत्राला नुसते टेकवायच्या कार्डासाठी २०१५मध्ये दोन हजार रुपयांपर्यंत पिनची अट उठली. जानेवारी २०२१पासून ही मर्यादा पाच हजार झाली. आधी विश्वास, मग सवलत, असा हा क्रम होता.

वॉलेटची अडचण मात्र वेगळी होती. एका कंपनीच्या वॉलेटातले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटात जात नसत. जो मोठा होईल त्याच्याच कुंपणात सगळ्यांना यावे लागले असते. इथे नुसत्या मनाई-हुकमाने काम भागणारे नव्हते, सामाईक रस्ताच बांधणे भाग होते. रिझर्व्ह बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या पुढाकाराने २००८मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही ना-नफा संस्था मुंबईत स्थापन झाली होती. तिने घडवलेल्या यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ रोजी तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी केली. तेव्हा २१ बँका सामील होत्या.

या रचनेत पैसे बँकेच्या खात्यातच राहतात, पिन बँकच पडताळते आणि निरोपांची ने-आण सामाईक यंत्रणा करते. खासगी अ‍ॅप हे केवळ दार आहे. कुठल्याही दाराने आत शिरा, समोरच्याचे दार वेगळे असले तरी अडत नाही. म्हणजे मक्तेदारीविरुद्धचा एक नियम कायद्याच्या कलमात न लिहिता यंत्राच्या बांधणीतच लिहिला गेला, आणि अ‍ॅप किती सोपे, किती देखणे करायचे याची चुरस खासगी कंपन्यांवर सोडली गेली. ऑगस्ट २०२३मध्ये महिन्याच्या व्यवहारांनी एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला.

नियम कधी करायचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. इंटरनेट नसतानाही छोटी रक्कम देता यावी यासाठी सप्टेंबर २०२० ते जून २०२१ या काळात मर्यादित प्रयोग झाले. त्यांच्या अनुभवावरून जानेवारी २०२२मध्ये नियमावली आली. एका वेळी २०० रुपयांची मर्यादा तिने घातली. नुकसान झाले तरी ते सोसण्याजोगे राहावे, एवढीच त्यामागची सावधगिरी.

याच्या अगदी उलट उदाहरण आभासी चलनाचे. अशा चलनाच्या व्यवहारांना सेवा देऊ नका, असे रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना बजावले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण तिच्या नियंत्रणाखालील संस्थांचे या व्यवहारांमुळे काही नुकसान झाल्याचे दाखवता आले नव्हते, म्हणून हा उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. नियम करणाऱ्यालाही पुरावा द्यावा लागतो, हा त्या निकालाचा धडा.

पुरावा समोर असूनही हात आखडला, तर त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो. यूपीआयमध्ये समोरच्याकडून पैसे मागण्याची सोय होती. भामटे ‘तुम्हाला पैसे मिळणार आहेत’ असे सांगून पिन टाकायला लावत आणि पैसे जात. ऑक्टोबर २०२५पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद झाली, दुकानदारांसाठी मात्र चालू राहिली. सुरी नेमक्या जागी फिरली, पण त्याआधी कित्येकांची कष्टाची कमाई गेली होती.

रस्ता सामाईक असला, तरी त्यावर गाड्या दोघांच्याच फार झाल्या आहेत. फोनपे आणि गूगल पे यांच्यामार्फत एकूण व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के होतात. कोणाही एकाचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर झाला. त्याची मुदत आधी २०२२ अखेरपर्यंत होती, मग २०२४ अखेरपर्यंत आणि आता २०२६ अखेरपर्यंत वाढली आहे. मुदत वाढते तशी लोकांची सवय मुरते आणि नियम लावणे आणखी अवघड होते.

यातली दुसरी गाठ सरकारनेच मारली आहे. जानेवारी २०२०पासून यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही. हातगाडीवाल्यापर्यंत क्यूआर कोड पोचला त्यात याचा मोठा हात आहे. पण शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे होत नाही. २०२४-२५साठी छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपोटी केंद्राने सुमारे १,५०० कोटी रुपयांचे प्रोत्साहन मंजूर केले. जिथे थेट कमाईच नाही, तिथे दुसऱ्या धंद्यांतून पैसा ओतू शकणारी बडी कंपनी टिकते, छोटी नवी कंपनी टिकत नाही. एका हाताने मक्तेदारीला मर्यादा घालायची आणि दुसऱ्या हाताने तिला पोसणारी परिस्थिती ठेवायची, असे हे चालले आहे.

तेव्हा ‘नियम हवेत की नकोत’ हा वाद फारसा उपयोगाचा नाही. रस्ता सगळ्यांचा ठेवणे, प्रयोगाला छोटी जागा देणे, नुकसान दिसताच नेमका हात घालणे, एवढे या इतिहासातून शिकता येते. रस्त्याच्या डागडुजीचा खर्च कोणी द्यायचा, हे मात्र अजून ठरलेले नाही. ते ठरेल त्या दिवशी हातगाडीवरच्या चौकोनाची खरी किंमत कळेल, आणि ती हातगाडीवाल्याच्या माथी पडू नये हे पाहण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांचीच असेल.