खरेदीत वाचलेला रुपया



वार्षिक सभेचा अहवाल हातात पडला की आपण आधी उसाचा दर बघतो, मग साखर उतारा बघतो आणि अहवाल घडी घालून ठेवतो. त्याच अहवालात स्टोअर्स आणि माल खरेदीचा आकडा असतो, त्याकडं फारसं कुणी बघत नाही. वास्तविक साखरेचा भाव बाजार ठरवतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर २००९-१० च्या हंगामापासून केंद्र सरकार ठरवते. या दोन्हींवर आपले काही चालत नाही. खरेदी मात्र आपल्या हातातली बाब आहे.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. गोदामात निष्कारण पडून राहिलेल्या मालात पैसा अडकला, तर तो उसाच्या बिलाला वेळेवर उपलब्ध होत नाही. म्हणून खरेदी हा फक्त स्टोअरकीपरचा विषय नाही, तो आपणा सर्वांचा आहे.

पाच गोष्टी सांभाळायच्या

चांगली खरेदी म्हणजे हवा तोच माल, हव्या त्या प्रतीचा, लागेल तेवढा, लागेल त्या वेळी आणि वाजवी दरात घेणे. यातली एक गोष्ट चुकली तरी बाकीच्या चार वाया जातात.

दराचे उदाहरण घेऊ. समजा, एक कारखाना रोज ५,००० टन ऊस गाळतो आणि उतारा ११ टक्के आहे. सगळ्याची साखर केली तर रोज ५५० टन, म्हणजे ५० किलोची ११,००० पोती भरतात. रिकाम्या पोत्यामागे एक रुपया वाचला तर दिवसाला ११ हजार आणि १२० दिवसांच्या हंगामात १३ लाख २० हजार रुपये होतात. साखर विकून एक रुपया मिळवायचा तर त्याच्यामागे ऊस, तोडणी, वाहतूक, पगार असा खर्च असतो. खरेदीत वाचलेला रुपया मात्र पुरता शिल्लक राहतो.

पण नुसता दर बघणेही बरोबर नाही. समजा, एका चुन्याचा दर टनाला ७,००० रुपये आहे आणि त्यात उपयोगी चुना ६० टक्के आहे. दुसऱ्याचा दर ८,४०० रुपये, पण कस ८० टक्के आहे. हिशेब केला तर एक टन उपयोगी चुना पहिल्याकडून सुमारे ११,६६७ रुपयांना पडतो, दुसऱ्याकडून १०,५०० रुपयांना. म्हणजे स्वस्त दिसणारा चुनाच महाग पडला. म्हणून प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय माल उतरवून घेऊ नये.

आता वेळेचे बघू. रोज ८ टन चुना लागतो आणि ऑर्डर दिल्यापासून माल यायला ७ दिवस लागतात असे समजू. तर ५६ टन वाटेचा साठा आणि अडीअडचणीला ३ दिवसांचा २४ टन, मिळून ८० टन झाले. शिल्लक ८० टनांवर आली की पुढची ऑर्डर गेलीच पाहिजे. मग जास्त भरून का ठेवू नये? कारण कळीचा चुना हवेतली ओल धरतो आणि त्याचा कस जातो. साठा कमी पडला तरी नुकसान, जास्त झाला तरी नुकसानच.

वेळेवर सुटा भाग नाही म्हणून मिल थांबली तर वर सांगितलेल्या कारखान्यात तासाला सुमारे २०८ टन गाळप बुडते. तोडलेला ऊस काट्यापूर्वी वाळला तर सभासदाचे वजन घटते, काट्यानंतर वाळला तर कारखान्याचा उतारा घटतो. तेव्हा महागाच्या थोड्या वस्तूंवर बारीक नजर ठेवावी, आणि जिच्यावाचून मिल अडते ती वस्तू कितीही किरकोळ असली तरी हाताशी असावी.

व्यवहार चोख राहावा म्हणून मागणी करणारा, ऑर्डर देणारा आणि माल तपासून घेणारा ही माणसे वेगवेगळी असावीत. दरपत्रके बंद पाकिटात यावीत आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता खरेदी समितीपुढे असावा.

हीच रीत आपल्या शेतात

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी साधारण १००, ४६ आणि ४६ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते. दोन पोत्यांत स्फुरद पुरे होते. उरलेल्या ८२ किलो नत्राला ४५ किलोची ४ पोती युरिया लागतो. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅशचे दीड पोते पुरते. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतले तर ५० किलोची ६ पोती आणि युरियाची ५ पोती लागतात, पण त्यातून गंधकही मिळते. त्या दिवशीच्या भावाने दोन्ही बेरजा मांडा, गाडीभाडे धरा आणि मगच ठरवा. पोत्याचा दर बघू नका, त्यातल्या अन्नद्रव्याचा बघा. त्याआधी माती परीक्षण करून घेतले तर नको ते खत विकत घेण्याचे टळते.

बेण्याचेही असेच आहे. चांगले बेणे १० ते ११ महिन्यांचे असावे लागते. म्हणजे पुढच्या वर्षीच्या लागणीचे बेणे या वर्षीच लावायला हवे. लागणीच्या आदल्या दिवशी मिळेल ते बेणे आणले तर त्याची किंमत लागण आणि खोडवा दोन्ही पिकांत मोजावी लागते.

सुरुवात साधी करा. एक वही घाला. काय लागणार, कधी लागणार आणि मागच्या वेळी काय भावाने घेतले, एवढे तीन रकाने पुष्कळ झाले. गावातल्या दहाजणांनी मागणी एकत्र केली तर भावही बरा मिळतो आणि गाडीभाडेही वाटून जाते. पक्की पावती घ्या आणि पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

शेवटी एक गोष्ट. कारखान्याची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे तुमचा ऊस. लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र यांची नोंद चुकीची असली तर तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो, गाड्या रिकाम्या उभ्या राहतात किंवा पक्व ऊस फडात वाळतो. तरी सर्व सभासदांनी आपली नोंद गट कार्यालयात स्वतः तपासून घ्यावी, आणि येत्या सभेत उसाच्या दराबरोबर खरेदीचाही हिशेब जरूर विचारावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी