जन्माची नोंद : कोणती, कशासाठी आणि कोठून?

मुलामुलींचे कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आपल्या वस्तीत कागदपत्रांची धावपळ सुरू होते. जात पडताळणीसाठी आजोबांचा पुरावा मागितला जातो आणि आजोबांच्या नावाचा एकही कागद घरात सापडत नाही. बँकेच्या काऊंटरवर बसून आम्ही रोज लोकांचे कागद पाहतो. त्यावरून एवढे लक्षात आले आहे की, बहुतेक मंडळी 'जन्माचा दाखला' हा एकच कागद समजतात. वस्तुतः जन्माची नोंद तीन निरनिराळ्या दप्तरांत असू शकते. प्रत्येकातून मिळणारी माहिती वेगळी आणि ती मिळविण्याचा मार्गही वेगळा. समाजबांधवांच्या सोयीसाठी त्यांची तुलना येथे देत आहोत.

पहिले दप्तर जन्म-मृत्यू निबंधकाचे. शहरात ते महापालिकेत किंवा नगरपरिषदेत, खेड्यात ग्रामपंचायतीत असते. १९६९ चा नोंदणी कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानुसार जन्म ज्या हद्दीत झाला तेथे नोंद होते, घराच्या पत्त्यावर नव्हे. सोनिवलीतील मातेची प्रसूती उल्हासनगरला झाली असेल, तर बदलापूर नगरपरिषदेत शोधून उपयोग नाही. शिवाय १९८३ ते १९९२ या काळात बदलापूर व अंबरनाथ कल्याण महापालिकेत होते; त्या वर्षांच्या नोंदींसाठी दोन्हीकडे चौकशी करावी. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणालाही फी भरून नोंदीचा शोध घेण्यास सांगता येते व उतारा मिळतो. अलीकडच्या नोंदींचे दाखले ऑनलाईनही मिळतात. हा मार्ग सर्वांत सोपा. परंतु या दाखल्यावर जात लिहिलेली नसते. वय व आई-वडील यांचा तो पुरावा आहे, जातीचा नव्हे.

दुसरे दप्तर म्हणजे गावचे जुने जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजेच गाव नमुना नंबर १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. यात बापाचे नाव व जात असते, पण बाळाचे नाव पुष्कळदा नसते. नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहिलेले आढळते. त्याची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळते. आपला हा भाग पूर्वी कल्याण तालुक्यात होता, म्हणून येथील मूळ रहिवाशांनी कल्याणलाही विचारावे. कामधंद्यासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांनी मूळ गावच्या तहसीलला जावे. जुनी पाने मोडी लिपीत असू शकतात; जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. या मार्गाला वेळ व गाडीभाडे दोन्ही लागते. परंतु २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने हीच दप्तरे बाहेर काढली, तेव्हा त्यांचे मोल सर्वांनाच कळले. तोंडी 'सापडत नाही' असे उत्तर मिळाल्यास परत फिरू नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये फी भरून अर्ज करावा व रजिस्टर पाहण्याची परवानगी मागावी. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तिसरे दप्तर शाळेचे जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज केल्यास उतारा मिळतो. त्यात नाव, जात व जन्मतारीख तिन्ही असतात. मात्र जुन्या काळी गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख लिहीत, म्हणून तारखेवर फार विसंबू नये. शिवाय ज्या आजीला शाळेचे तोंडच पाहायला मिळाले नाही, तिची नोंद येथे असणार नाही.

आता मुख्य मुद्दा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. त्या काळच्या कागदावर 'हिंदू महार' असे असेल आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या कागदावर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असे असेल. यात विसंगती नाही. तो आपल्या घराण्याचा इतिहास आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या, आणि त्यासाठी जुनी जात सिद्ध करावी लागते. म्हणून आजोबांची कोतवाल बुकातील नोंद, वडिलांचा शाळेचा उतारा आणि मुलाचा जन्मदाखला अशी साखळी जुळवावी. एकट्या कागदाने काम होत नाही. एका कागदावर 'रामा' व दुसऱ्यावर 'रामचंद्र' असे असेल, किंवा जुन्या नोंदीत आडनावच नसेल, तर वंशावळ व प्रतिज्ञापत्र जोडावे.

जन्मनोंद कोठेच नसेल तर निबंधकाकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा. एक वर्षाहून जुन्या जन्माच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी देतात. त्याच दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार आहे. तेव्हा नव्या बाळाची नोंद २१ दिवसांतच करावी. पैसे घेऊन 'जुनी नोंद करून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या नादी कोणी लागू नये. खोट्या कागदावर मिळविलेला जातीचा दाखला रद्द होतो, त्यावर मिळालेला प्रवेश वा नोकरी जाते आणि शिक्षाही होऊ शकते.

शेवटी एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव, जुना तालुका, पणजोबांचे नाव व शाळेचे नाव आजच वहीत उतरवून घ्या. वर्ष आणि गाव ठाऊक असले तर दप्तरात शोध घेता येतो. ते सांगणारे माणूस गेले, की मग कोणत्या कचेरीत अर्ज करावा हेच कळत नाही.