सिगारसोबत काय प्यावं?

क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांत आहे. तिथल्या व्हुएल्ता आबाहो भागातल्या तांबड्या मातीत पिकणाऱ्या तंबाखूचं नाव सिगारवाल्यांच्या तोंडी जगभर असतं. याच बेटावर उसाचे मळे आहेत, उसाच्या मळीपासून रम होते, आणि पूर्वेकडच्या सिएरा माएस्त्राच्या डोंगरांत कॉफी पिकते. त्यामुळे सिगारसोबत काय घ्यायचं, याचं उत्तर क्युबात घरातच मिळतं: रम नाहीतर कॉफी. पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी कटाची आमटी होऊन पुरणपोळीच्या शेजारी यावं, तशी ही एकाच मातीतली सोयरीक आहे.

क्युबाबाहेर मात्र निवड करताना बाटलीच्या किमतीकडे आधी नजर जाते. खरं तर बघायला हवं ते तोंडाकडे. सिगारच्या धुराने तोंड कोरडं पडतं आणि जिभेवर कडवट थर बसतो. तो थर धुऊन काढणं हे पेयाचं पहिलं काम, चवीची गोष्ट त्यानंतरची. म्हणूनच कोवळ्या, तुरट रेड वाइनशी सिगारचं सहसा पटत नाही. वाइनमधली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात आणि आधीच सुकलेलं तोंड आणखी सुकतं.

पोर्टची गोष्ट वेगळी. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात ही वाइन करताना द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं स्पिरिट ओततात. आंबणं तिथेच थांबतं, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. हा गोडवा धुराच्या कडवटपणाला आवर घालतो. इंग्रजांच्या जेवणानंतरच्या मैफलीत पोर्ट आणि सिगार एकत्र नांदले ते काही उगाच नाही.

रममध्येही हाच गुण आहे, शिवाय लाकडाची साथ आहे. ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरताना रममध्ये व्हॅनिला आणि जळक्या साखरेच्या छटा उतरतात, आणि आंबवून मुरवलेल्या तंबाखूच्या चवीशी त्या सहज मिसळतात. सांतियागो दे क्युबा शहरात १८६२ मध्ये बकार्डीची भट्टी सुरू झाली, ती हलक्या, गाळीव रमसाठी. अशी हलकी रम करणाऱ्या क्युबातल्या रम-उस्तादांच्या पिढीजात ज्ञानाची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली.

आता सिगारचा पिंड बघायचा. वरचं पान फिकट, कनेक्टिकट जातीचं असेल तर चव बहुधा सौम्य असते. तिच्याबरोबर हलकी रम, दुधाची कॉफी किंवा शॅम्पेन चालते. शॅम्पेनचा आंबटपणा आणि बुडबुडे जीभ झटकन साफ करतात. काळपट मादुरो पानाच्या सिगारला मात्र जास्त मुरलेली गडद रम किंवा शेरीच्या पिंपातली व्हिस्की हवी. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या बहुतेक व्हिस्कीत पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर मुळातच असतो, त्यामुळे सौम्य सिगार तिच्यापुढे पार झाकोळून जातो. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टमध्ये पीटवाले आणि बिनपीटवाले असे दोन्ही प्रकार मिळतात. दोन ग्लास शेजारी ठेवले, की हा फरक कुणालाही कळेल.

घोट आधी, झुरका नंतर. घोट लहान घ्यावा, मध्ये साधं पाणी प्यावं. सिगार शेवटच्या तिसऱ्या भागात तापतो, उग्र होतो. सुरुवातीला जमलेलं पेय तिथे फिकं पडू शकतं.

या जोडीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. तंबाखू आणि दारू एकत्र आली, की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूतही खोटी आहे. हा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. मोठ्या सिगारमधली तंबाखू कधी कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी भरते.

दारू वगळली तर निदान दोन धोक्यांतला एक कमी होतो, आणि चवीत उणं काही राहत नाही. क्युबन कॉफी करताना मोका पॉटमधून उतरलेले पहिले दाट थेंब कपातल्या साखरेवर घेतात आणि चमच्याने जोरात फेटतात. साखर फिकट तपकिरी, फेसाळ होते. उरलेली कॉफी तिच्यावर ओतली, की फेस वर तरंगतो. ही कडू-गोड, दाट कॉफी अगदी इवल्या कपात येते, आणि मादुरोपुढेही ती दबत नाही. फक्त रिकाम्या पोटी हा घाट घालू नये. निकोटीन चढलं, की घाम फुटतो, मळमळतं, गरगरतं. अशा वेळी सिगार लगेच बाजूला ठेवावा.